रजाइना माटुलिसचे दहापैकी चार

रजाइनाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. हे मला ठाऊक, कारण आमचं जोडघर आहे. मधे एकच भिंत. अलीकडे मी, पलीकडे ती. चार वाजता तिच्या स्वयंपाकघरातला नळ सुटायचा आणि माझ्या उशाशी पाइप खडखडायचा. मग फरशीवरून काहीतरी ओढल्याचा आवाज. मग दोन दणके, एकामागून एक. मग बराच वेळ काहीच नाही. इतका वेळ की मी कान देऊन पडून राहायचो. शेवटी तिचा रेडिओ लागायचा आणि मी कूस बदलायचो.

शाळा भरते आठला. रजाइना शाळेजवळच्या चौकात उभी राहायची, हातात ‘थांबा’ लिहिलेली लाल पाटी, मुलांना रस्ता ओलांडून द्यायला. चौक आमच्या पायऱ्यांवरून दिसतो. तेवढ्यासाठी चारला कशाला उठायचं, हे कोडं मला सुटत नव्हतं. विचारलं नाही. आमच्या गावात भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं, पण ऐकलं असं कुणी दाखवत नाही.

मी छपरं घालायचो, स्लेटच्या दगडी चिपांची. खिळा सरळ जातोय की वाकतोय हे खाली उभ्या माणसाला नुसत्या ठोक्यावरून कळतं. माणूस कामाला किती जोर लावतोय आणि किती लागायला हवा, तेही तसंच कळतं. भिंतीपलीकडे कुणीतरी साध्या कामाला फार जोर लावत होतं.

रजाइना याच गल्लीत वाढली. बाप कोळशाच्या खाणीत. सतराव्या वर्षी ती शर्टाच्या कारखान्यात शिरली, कॉलर बसवायला. मजुरी नगावर. तिचा भाऊ क्लेम अजून सांगतो, की जेवणाच्या सुट्टीतही ती टेबलाखाली बोटं हलवत बसायची, गार पडू नयेत म्हणून. मशिनांच्या आवाजाने तिचा डावा कान नेला. कारखाना दक्षिणेकडे गेला, मग आणखी लांब कुठे गेला, आणि ती शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. तिथून निवृत्त झाली ती चौकात. नवरा लवकर वारला, मूल नाही. वर्षातला एक सोमवार सोडला तर मी तिला सुट्टी घेताना पाहिलं नाही.

तो सोमवार हरणांच्या शिकारीचा. थँक्सगिव्हिंगनंतरचा पहिला. आता राज्याने मोसम शनिवारपासून केलाय, पण आम्ही सोमवारच म्हणतो, आणि शाळाही सोमवारचीच सुट्टी देते, कारण दिली नाही तरी मास्तर येणार नाहीत. रजाइना लहानपणी बापाबरोबर डोंगरावर जायची, तो गेल्यावर क्लेमबरोबर. तिचं एक झाड आहे, वीज पडलेलं ओकचं. त्याला पाठ लावून ती बसते. त्या झाडाखाली दुसरं कुणी बसत नाही.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षीच्या सोमवारी ते दोघं दुपारीच परत आले. क्लेमचा ट्रक मोकळा होता.

“दिसलं नाही?” मी पायरीवरून विचारलं.

“दिसलं की,” क्लेम म्हणाला. “शिंगांना आठ टोकं असलेला नर होता. तुझ्या त्या फाटकाइतका जवळ. बाईसाहेबांनी त्याला बघितलं, त्याने बाईसाहेबांना बघितलं. ओळखपाळख झाली आणि गेला आपल्या वाटेने.”

रजाइना ट्रकमधून उतरली. क्लेम गेल्यावर ती माझ्या पायरीवर बसली. रायफल मांडीवर. उजवा हातमोजा तिने दातांनी ओढून काढला.

“बोट आत गेलं नाही, स्टश.”

चापाभोवती लोखंडी कडी असते, तिच्याबद्दल बोलत होती. तिने हात पुढे केला. बोटांचे सांधे अक्रोडाएवढे झाले होते. इतकी वर्षं शेजारी राहून मी ते हात नीट पाहिले नव्हते. ती नेहमी मोजे घालायची, नाहीतर हात खिशात.

“दुखतं?”

“जमतंय,” ती म्हणाली.

आमच्याकडे याशिवाय दुसरं उत्तर नाही. कसं चाललंय, जमतंय. माणूस दवाखान्यातून स्ट्रेचरवर बाहेर आला तरी जमतंय.

संधिवाताची औषधं तिला पोटामुळे सोसली नव्हती. जोरदार वेदनाशामक गोळ्या तिने घरात येऊ दिल्या नाहीत. त्या गोळ्यांच्या व्यसनाने आमच्या गल्लीतली दोन घरं रिकामी केलीत, त्यातलं एक क्लेमच्या मुलाचं.

मग उपासाचे दिवस आले, ईस्टरच्या आधीचे. चर्चच्या हॉलमध्ये बायका पिरोगी, म्हणजे सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळायला बसतात. रजाइनाला आता कडा दाबून बंद करता येत नव्हत्या, म्हणून ती बटाटे कुस्करायच्या बाजूला बसली, चर्चचा ऑर्गन वाजवणाऱ्या लोरेटाशेजारी. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि कोट न काढता उभी राहिली.

“लोरेटाकडे कार्ड आहे.”

“कसलं?”

“गांजाचं. औषधी. राज्याचं, फोटो लावलेलं.”

मी खाली बसलो. लोरेटा सत्तरीच्या पुढची, केस निळसर, पोपच्या फोटोखाली बसून वाजवते. पण खरं सांगायचं तर नाताळपासून मला प्रश्न पडला होताच. दोन वर्षं ती सगळी भजनं अंत्ययात्रेच्या चालीत वाजवत होती आणि एकाएकी तिची बोटं धावायला लागली होती.

“ओढते?” मी विचारलं.

“वेडा आहेस का. थेंब असतात. जिभेखाली.”

“आणि डोकं फिरतं?”

“तेच विचारलं मी. म्हणाली, फादरच्या प्रवचनाने फिरतं त्याहून कमी.”

दोघंही बराच वेळ विचारत बसलो, एकमेकांनाच. दुकान कसं असेल. आत कोण असेल. मिळतं ते पुडीत की बाटलीत. आमच्या तरुणपणी त्यासाठी पोरांना तुरुंगात टाकलेलं आम्ही पाहिलं होतं. तोच पाला आता राज्य फोटो लावून देतं म्हटल्यावर मला ते बघायचंच होतं.

अडचण क्लेमने सांगितली. तो आयुष्यभर कोळशाचा ट्रक चालवत आलाय आणि कायदे त्याला पाठ, कारण त्यांवर चिडायला आवडतं.

“राज्य कार्ड देतं,” तो म्हणाला. “वॉशिंग्टनचा कायदा वेगळा आहे. गांजा घेणाऱ्याने बंदूक बाळगायची नाही. कार्ड असलं तरी नाही. घरातसुद्धा नाही.”

रजाइनाने त्याच्याकडे उजवा कान केला. “पुन्हा सांग.”

“अगं, तुझं बोट चापापर्यंत पोचावं म्हणून तू गांजा घेणार. आणि गांजा घेतलास म्हणून चापाला बोट लावायचं नाही. असा कायदा आहे. मी नाही केला.”

“कुणी विचारायला येतं का?”

“कुणी येत नाही. इथे निम्मे लोक दोन्ही ठेवतात आणि गप्प बसतात.”

“मग मला निम्म्यांतली नाही व्हायचं,” ती म्हणाली. “सही केली की ती पाळायची असते.”

“मग घेऊ नकोस कार्ड.”

“मला डोंगरावर जायचंय आणि मला माझी बटणं लावायचीत. दोन्ही पाहिजे.”

“कसली बटणं?” मी विचारलं. तिने ऐकलं नाही असं दाखवलं. डाव्या कानाचा तिला तेवढा उपयोग होता.

एप्रिलमध्ये तिने ठरवलं. वाचनालयातल्या संगणकावर नाव नोंदवलं, आणि डॉक्टरची वेळ घेतली, कारण डॉक्टरने सही केल्याशिवाय राज्य कार्ड देत नाही. आदल्या दिवशी तिने रायफल जुन्या चादरीत गुंडाळली आणि मला क्लेमच्या घरी गाडी घ्यायला लावली.

“कार्ड हातात आल्यावर दे की,” क्लेम म्हणाला.

“आल्यावर एक रात्र जरी घरात राहिली तरी ते चुकीचं.”

“पोस्टमन दारात असताना आणलीस तरी चालेल.”

तिने चादरीसकट ती त्याच्या कपाटात उभी केली आणि कपाट पायाने लावलं. उजवा हात खिशातच होता.

डॉक्टर तरुण होत्या, हार्टमन नावाच्या. दवाखाना तालुक्याच्या गावी, एका टायरच्या दुकानाच्या वर. रजाइनाने मला आत बसवून घेतलं, ऐकायला चुकू नये म्हणून. डॉक्टरांनी हात बघितले, बोटं हळूच वाकवून बघितली, आणि मग तो प्रश्न विचारला.

“किती दुखतं? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सर्वांत जास्त.”

रजाइनाने विचार केला. कारखान्यात माल मोजून देताना करत असेल तसा.

“चार.”

“नेहमी चार?”

“जास्त गारठा असला तर साडेचार.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मिसेस माटुलिस, दहा म्हणजे काय धरताय तुम्ही?”

“माझे वडील खाणीत दरडीखाली सापडले होते. दुसऱ्या पाळीच्या लोकांनी त्यांना बाहेर काढेपर्यंत पाय कोळशाखाली होता. ते दहा.”

“आणि त्यांना विचारलं असतं तर ते किती म्हणाले असते?”

“ते म्हणाले असते, आधी पाय काढा, मग विचारा.”

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी सही केली नाही. म्हणाल्या, कायदा तीव्र वेदना म्हणतो. तुम्ही मला चार सांगता, आणि मला चारच लिहावे लागतील. तुमचे जुने कागद आणि हातांचे एक्स-रे फोटो मागवते. सप्टेंबरात पुन्हा या.

परत येताना पहिले पाच मैल मी कसाबसा धीर धरला.

“नऊ सांगायचं होतंस,” मी म्हणालो.

“नऊ कुणाचे सांगू? माझ्याकडे नऊ नाहीत.”

“सगळे सांगतात.”

“सगळ्यांना दुखत असेल.”

क्लेमला कळलं तेव्हा तो बराच वेळ झुलत्या खुर्चीत हलत राहिला. “म्हणजे कार्ड नाही. बंदूकही नाही. घरात नक्की काय उरलं तुझ्या, मांजर?”

“माझी बंदूक दे परत.”

“ने ना. कपाट उघडं आहे.”

ती आत गेली. चादर सोडल्याचा आवाज आला. मग लोखंडाचा एक अर्धवट खटका, आणि पुन्हा तोच. क्लेमचं हलणं थांबलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. ती बाहेर आली ती रिकाम्या हातांनी.

“राहू दे इथेच,” ती म्हणाली. “कोपऱ्यात ओल आहे तुझ्या, तेल लाव तिला.”

तो उन्हाळा तिने कसा काढला ते मला नळावरून कळत होतं. चारचे पावणेचार झाले. मी दोनदा विचारायचं ठरवलं आणि दोनदा गवत कापायला निघून गेलो.

सप्टेंबरात आम्ही पुन्हा त्या टायरच्या दुकानावर गेलो. गाडीत मी तिला म्हटलं, निदान सात. तिने खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं, गेलं कार्ड. टेबलावर तिच्या हातांचे फोटो लावलेले होते, पांढरी हाडं, सांध्यांच्या जागी दाट सावल्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्या रजाइनाच्या कोटाकडे बघत होत्या.

“आज आकडा नको,” त्या म्हणाल्या. “आज उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा. कामं नुसती. एकही वगळू नका.”

कामं विचारली म्हटल्यावर ती सरळ बसली. कामाचा हिशेब मागितला तर ती खोटं बोलणार नाही, आणि कमीही सांगणार नाही.

“पावणेचारला उठले. गरम पाण्यात हात ठेवले, बोटं उघडेपर्यंत. मग खुर्ची खिडकीशी नेली.”

“कशी नेलीत?”

“पायाने. हाताने धरता येत नाही, म्हणून पाऊल अडकवून ओढते.”

तो ओढल्याचा आवाज. मी खुर्चीत पुढे सरकलो.

“मग कॉफीचा डबा. झाकण ओट्याच्या खणात अडकवते, खण कमरेने बंद करते आणि डबा दोन्ही कोपरांत धरून फिरवते. एकदा धक्का दिला की सैल होतं, दुसऱ्यांदा दिला की निघतं.”

ते दणके.

“मग कपडे,” ती म्हणाली आणि थांबली.

“सांगा.”

“तारेचा आकडा केलाय. खुंटीला बांधलाय. चेन त्यात अडकवते आणि खाली बसते, म्हणजे ती वर जाते. कधी पहिल्यांदा जमतं, कधी नाही. मोजे त्याच आकड्याने. त्याला वेळ लागतो. ते झालं की रेडिओ लावते.”

“आणि हा कोट? याला बटणं होती.”

रजाइनाने खाली बघितलं. कोटाच्या कडेला बटणांच्या जुन्या टाक्यांच्या खुणा होत्या आणि आतून चिकटपट्टी शिवलेली होती. मला दिसलीच नव्हती.

“काढली मीच,” ती म्हणाली. “सगळ्या कपड्यांची. कात्री दातात धरून.”

जिने आयुष्यभर लोकांच्या गळ्याशी कॉलर बसवल्या, तिला स्वतःचं गळ्याचं बटण लावता येत नव्हतं. मी भिंतीकडे बघत राहिलो. ती लांबलचक शांतता कसली, ते मला कळलं होतं आणि कळलं नसतं तर बरं असं वाटत होतं.

डॉक्टरांनी शांतपणे लिहिलं आणि सही केली.

“किती घातलेत?” रजाइनाने विचारलं. “मी चारच म्हणतेय हं.”

“तुमचे चार मी तसेच लिहिलेत. त्याच्याखाली तुमची सकाळ लिहिलीय. तीव्र कशाला म्हणायचं ते ठरवणं माझं काम.”

कार्ड पोस्टाने आलं. फोटो लायसन्सवरचाच, त्यात ती कुणावर तरी संशय घेतल्यासारखी दिसते. गाडी चालवणं तिने त्याच दिवशी बंद केलं, कारण औषध रक्तात सापडलं तर कार्ड असूनही पोलीस धरतात. दुकानापर्यंत नेणं माझ्याकडे आलं. मी तर वाटच बघत होतो. पण ज्याच्याकडे कार्ड नाही त्याला आत सोडत नाहीत. दारातल्या माणसाने मला हसून परत पाठवलं.

म्हणून मी ट्रकमध्ये बसून दार बघत राहिलो. इमारत पूर्वी बँक होती. काळ्या काचा, फुलांच्या कुंड्या, आणि लोक आत जाताना आधी डावीउजवीकडे बघत. आमचा जुना स्कूलबसवाला गेला. लाकडाच्या वखारीतला एक जण काठी टेकत गेला. मग लोरेटा बाहेर आली, हातात कागदी पिशवी. तिने मला पाहिलं, मी तिला पाहिलं. दोघांनीही आभाळाकडे बघितलं. त्यानंतरच्या रविवारी तिने जास्तच जोरात वाजवलं असं मला वाटतं.

रजाइना आली तशी मी विचारायला लागलो.

“वास येतो?”

“फरशी पुसायच्या औषधाचा.”

“कोण होतं आत?”

“पांढऱ्या कोटातली एक मुलगी, फार्मासिस्ट. किती घ्यायचं, कधी घ्यायचं सगळं सांगितलं. उजव्या बाजूने बोलली, मी न सांगता.”

“आणि माल?”

“लोणच्याच्या बाटल्यांसारखा मांडलाय काचेत. विमा एक पैसा देत नाही. रोख.”

बाटली माझ्या अंगठ्याएवढी होती. रजाइना रात्री जेवणानंतर थेंब घ्यायची, कारण सकाळी पाटी धरायची असते. पहिला आठवडा काहीच झालं नाही. मी रोज विचारायचो आणि ती रोज म्हणायची, झोप लागली, दुसरं काही नाही, तू काय गाणं म्हणायची वाट बघतोयस का. मग एका पहाटे चार वाजले आणि पाइप वाजला नाही. मी उठून बसलो. भिंतीला कान लावला. पलीकडे घोरण्याचा आवाज येत होता. नळ उजाडायच्या सुमाराला सुटला. दणका एकच आला.

हात काही तरुण झाले नाहीत. गाठी होत्या तशाच राहिल्या. पण ऑक्टोबरच्या शेवटी ती पायरीवर आली आणि कोटाचं वरचं बटण हातानेच लावलं, सावकाश, माझ्याकडे न बघता. बटण नवं शिवलेलं होतं. मी मोटारींकडे बघत राहिलो, पण लावून झाल्यावर सांगितलं, “वाकडं बसलंय.”

“टाका सैल आहे,” ती म्हणाली. “उद्या पुन्हा शिवीन.”

आता बोट कडीत गेलं असतं. आणि सोमवार जवळ आला होता.

क्लेम एकटा गेला. तिने त्याला डब्यात कोबीची पिरोगी दिली, ट्रकपर्यंत गेली, आणि परत येऊन पायरीवर बसली. शाळा बंद, चौक रिकामा. डोंगरावरून गोळ्यांचे आवाज येत होते. प्रत्येक आवाजाला ती मान थोडी वळवायची, कुठल्या खिंडीतून आला ते ताडायला.

“हा ओकच्या वरचा,” ती म्हणायची. “हा खालच्या ओढ्याचा. हा क्लेमचा नाही, क्लेम इतक्या लवकर नेम धरत नाही.”

दुपारी ती म्हणाली, “स्टश, गाडी काढ. रीबरकडे.”

एलवूड रीबरचं बंदुकांचं दुकान पुढच्या गावात आहे. आत गेल्यागेल्या तिने कार्ड काढून काउंटरवर ठेवलं, म्हणजे पुढे गैरसमज नको.

“हे माझ्याकडे आहे. मला डोंगरावर जायचंय. काय विकू शकतोस ते सांग.”

रीबरने कार्ड वाचलं, ढकलून परत दिलं. “रायफल दाखवूसुद्धा शकत नाही. आडवं धनुष्य आहे, चापाचं.”

तिने ते ताणून बघितलं. दोरी हलली नाही. रीबरने हँडल लावून दिलं, तेही अर्ध्यावर अडकलं. तिने ते खाली ठेवलं आणि आजूबाजूला बघितलं. भिंतीवर वर, घड्याळाशेजारी, एक लांब बंदूक टांगलेली होती. लाकडी, नळी खांद्याएवढी उंच.

“ती?”

“ती चकमकीची. नळीत दारू भरायची, शिशाची गोळी ठोकायची, दगडाने ठिणगी पाडायची. नाताळनंतर तिचा वेगळा मोसम असतो. पण ते भानगडीचं काम आहे, रजाइना.”

“आणि कायदा?”

“कायदा तिला बंदूक मानत नाही. वॉशिंग्टनचासुद्धा. तिच्यासाठी मला एक सहीसुद्धा घ्यावी लागत नाही.”

“मग तिला काय मानतो?”

“जुनं सामान,” रीबर म्हणाला. “तुझ्यामाझ्यासारखं.”

तिने ती खाली घ्यायला लावली. दगड धरलेला घोडा अंगठ्याने मागे ओढला. पहिल्यांदा निसटला, दुसऱ्यांदा बसला. चापाभोवतीची कडी मोठी होती, बोट सहज गेलं. मग तिने एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली, दारू किती, कापडाची चकती किती जाड, दगड किती वेळा चालतो. नव्या मशिनवर बसवलेली बाई विचारते तसं. रीबरने दोनदा घड्याळ बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं. पैसे मोजून ती आम्ही त्याच संध्याकाळी घरी आणली. नाताळपर्यंत रजाइना रोज अंगणात गोळीशिवाय सराव करायची. दारूऐवजी रवा.

क्लेमने बघितलं तेव्हा तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “हे काय? खीर करणार त्याला मारून?”

“कार्ड आहे आणि डोंगर आहे,” ती म्हणाली. “तू तुझं बघ.”

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बर्फ घोट्यापर्यंत. तिला ओकपाशी बसवून क्लेम वरच्या बाजूला गेला, मी खाली दगडावर बसलो, नुसता बघायला. हवा ओलसर होती. उजाडून बराच वेळ झाल्यावर एक मादी ओढ्यातून वर आली आणि बर्फ हुंगत थांबली. रजाइनाने घोडा ओढला. मला ते दगडावरून ऐकू आलं. बोट आत गेलं, चाप दाबला गेला.

ठिणगी पडली. बाहेरची चिमूटभर दारू, जिला रंजक म्हणतात, तेवढीच फुर्रकन जळाली. बार उडाला नाही. हरिणीने मान वर केली आणि धुराकडे बघत राहिली, जणू तिलाही प्रश्न पडला होता.

रजाइनाने घाई केली नाही. हातमोजा काढला, बोटांनी काढला, दातांनी नाही. शिंगाच्या कुपीचं बूच उघडलं, चिमूटभर रंजक घातली, झाकण मिटवलं. एक कण सांडला नाही. तोवर हरीण झाडांत गेलं होतं. तिने बंदूक आडवी केली आणि बोटं उघडून मिटून बघितली.

क्लेम खाली आला. “आवाज आला. काय मिळालं?”

“धूर,” ती म्हणाली. “उद्या दारू कोरडी ठेवायला हवी.”

“उद्याही?”

“मोसम जानेवारीपर्यंत आहे.”

चौकात पाटी धरून जो पगार मिळायचा, त्याला तिने कधी हात लावला नव्हता. तीन हिवाळे, पाटी बोटांत मावत नाही म्हणून कोपराच्या बेचक्यात धरून. त्यातून ती लांब बंदूक आली, शिंगाची कुपी आली, आणि महिन्याला ती अंगठ्याएवढी बाटली. उरले त्यातून तिने चकमकीचे दगड घेतले, एक पिशवीभर.